श्रवणावाचून उपासना

नवविधा भक्तीच्या गणनेत श्रवणाला अग्रस्थान देणारी आपली परंपरा आणि विश्वास हा ऐकण्याने उत्पन्न होतो असे रोमकरांस लिहिणाऱ्या पौलाची परंपरा, या दोहोंनी परमेश्वराकडे जाणारा राजमार्ग मनुष्याच्या कानातून काढला. कीर्तनकार उभा राहिला की श्रोते सरसावून बसतात, पाळक व्यासपीठावर चढला की मंडळी स्तब्ध होते. परंतु या दोन्ही सभांत जन्मतः बहिरा असलेल्या मनुष्याने कोठे बसावे आणि कशासाठी बसावे, हा प्रश्न शतकानुशतके फारच थोड्यांना पडला. ज्यांना पडला त्यांत संत ऑगस्टीन हा एक. ज्युलियन नामक प्रतिपक्षाशी वाद करताना त्याने पौलाच्या वचनाचा आधार घेऊन, बाधिर्य हे प्रत्यक्ष श्रद्धेच्याच आड येते, असे विधान केले आणि पुढे तेच अधिक गाजले. वस्तुतः त्याच ऑगस्टीनने गुरू या विषयावरील आपल्या संवादग्रंथात, बहिरी माणसे हावभावांनी प्रश्न विचारतात, उत्तरे देतात, शिकवितात, असे स्वच्छ नमूद करून ठेवले आहे. पण पंडितांच्या स्मरणशक्तीलाही आवडनिवड असते.

आपण या बाबतीत फार उदार होतो असे समजण्याचे कारण नाही. जन्मांध आणि जन्मबधिर यांना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा नाही, त्यांनी अन्नवस्त्रावर समाधान मानावे, हा मनुस्मृतीचा निर्णय इंग्रजी अंमलातही हिंदू कायदा म्हणून चालत होता. तो दूर करण्यासाठी १९२८ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याला वारसा नाही, साक्ष नाही, कीर्तन नाही आणि मंत्रही नाही, अशा मनुष्याला समाजाने पोसले हे खरे. पण त्याला समाजात घेतले असे म्हणता येत नाही.

या कोंडीला पहिले मोठे छिद्र पाडले ते मात्र धर्माच्याच एका चिंतेने, ही इतिहासातील मौजेची गोष्ट आहे. पॅरिसमधील आबे शार्ल-मिशेल द लेपे (१७१२–१७८९) याला योगायोगाने दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना चित्रांच्या साहाय्याने धर्मशिक्षण देणारा पाद्री मरण पावला होता, आणि आता या मुली आपल्या धर्माची तत्त्वे न कळताच जगाचा निरोप घेतील या भयाने त्याने त्यांना शिकविण्याचे पत्करले. आजच्या वाचकाला हा हेतू संकुचित वाटेल, मलाही वाटतो. परंतु त्या हेतूचे फळ पाहावे. १७६० च्या सुमारास त्याच्या घरी गरीब घरांतील बहिरी मुले एकत्र येऊ लागली, आणि जी आजवर आपापल्या घरी चार घरगुती खुणांवर निभावून नेत होती, ती परस्परांच्या सहवासात अशी भाषा बोलू लागली की गुरुजींनी फ्रेंच व्याकरणाच्या साच्यात घडविलेल्या पद्धतशीर खुणा वर्गापुरत्या राहिल्या आणि खेळण्याच्या अंगणात मुलांची स्वतःची भाषा वाढत गेली. गुरुजी आत्मे तारीत होते. मुले समाज उभारीत होती. याच परंपरेतील लोराँ क्लेर हा बहिरा शिक्षक १८१६ साली टॉमस गॅलॉडेट या अमेरिकन धर्मोपदेशकाबरोबर अटलांटिक ओलांडून गेला, आणि १८१७ मध्ये त्या दोघांनी हार्टफर्ड येथे शाळा काढली. अमेरिकेतील आजच्या सांकेतिक भाषेचा एक मोठा प्रवाह त्या शाळेतून निघतो.

पुढे १८८० मध्ये मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. तीत बहुसंख्येने ऐकणाऱ्या सभासदांनी असा ठराव केला की बहिऱ्यांना ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याचे आणि तोंडाने उच्चार करण्याचेच शिक्षण द्यावे. त्यानंतर देशोदेशीच्या शाळांतून हातांना मज्जाव झाला, आणि खुणा करणाऱ्या मुलांच्या बोटांवर छड्या बसू लागल्या. या ठरावाबद्दल अशाच आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हर येथे; म्हणजे तब्बल एकशेतीस वर्षांनी. मधल्या काळात ही भाषा जगली कोठे? कर्णबधिर प्रौढांच्या मंडळांत, वसतिगृहांतील दिवे मालवण्यापूर्वीच्या घटकेत, आणि प्रार्थनामंदिरांत. न्यूयॉर्कमध्ये १८५२ पासून कर्णबधिरांसाठी सेंट ॲन हे स्वतंत्र चर्च होते, आणि १८८३ मध्ये, म्हणजे मिलानचा ठराव ताजा असताना, हेन्री विंटर साइल या बहिऱ्या गृहस्थाला एपिस्कोपल पंथाने पूर्ण धर्मगुरुपद दिले होते. शाळेने बंद केलेला दरवाजा देवळाने किलकिला ठेवला. कान हाच श्रद्धेचा दरवाजा मानणाऱ्या धर्माच्या घरी हे घडावे, याचे मला आजही नवल वाटते.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत अधिक ओढ वाटते ती अँड्र्यू फॉस्टर या पुरुषाची. १९२५ मध्ये अलाबामात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा अकराव्या वर्षी मस्तिष्कावरणाच्या ज्वराने बहिरा झाला. वर्णभेदाच्या त्या राज्यात त्याच्या वाट्याला आलेली शाळाही निराळी आणि निकृष्ट होती. १९५४ मध्ये तो गॅलॉडेट महाविद्यालयाचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला, आणि १९५७ मध्ये ख्रिस्ती प्रचारक म्हणून घानामध्ये उतरला. आफ्रिकेत बहिरी मुलेच नाहीत असे त्याला सांगण्यात येई, याचे कारण ती घरात दडविलेली असत. पुढील तीस वर्षांत त्याने आफ्रिकेच्या अनेक देशांत मिळून तीसहून अधिक शाळा स्थापन केल्या. १९८७ च्या डिसेंबरात रवांडातील विमान-अपघातात त्याचा अंत झाला. त्याच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याने आपल्याबरोबर अमेरिकेची सांकेतिक भाषा नेली, आणि स्थानिक खुणांच्या भाषांवर तिचे दडपण पडले, असा आक्षेप आज अभ्यासक घेतात. आक्षेप यथार्थ आहे. तरीही, ज्यांना कोणतीच भाषा नव्हती अशा हजारो मुलांपुढे एक बहिरा माणूस गुरू म्हणून उभा राहिला, ही घटना त्या आक्षेपाने लहान होत नाही.

आता शिबिरांकडे वळतो. अमेरिकेत रानात तंबू ठोकून धर्मसभा भरविण्याची चाल जुनी आहे. १८०१ मध्ये केंटकीतील केन रिज येथे भरलेला मेळावा त्यासाठी प्रसिद्धच आहे. त्या परंपरेला कर्णबधिरांनी आपले वळण दिले. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीत, ओल्ड फोर्ज गावाजवळ सरोवराच्या काठी ‘कॅम्प मार्क सेव्हन’ नावाचे शिबिरस्थान आहे. १९७७ मध्ये दीक्षा घेतलेले आणि अमेरिकेतील पहिले जन्मतः कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू म्हणून ओळखले जाणारे फादर टॉमस कॉफलिन हे त्याचे संस्थापक. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या मनुष्याला बरे करतो, त्यावरून हे नाव आले. बरे होण्याची कथा बहिऱ्यांनी आपल्या स्थानाला का द्यावी, हा प्रश्न कोणासही पडेल. परंतु ती कथा सावकाश वाचली म्हणजे असे दिसते की येशू त्या मनुष्याला आधी गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, आकाशाकडे पाहतो, आणि शब्द उच्चारतो तो सर्वांत शेवटी. चमत्कारापूर्वीची ही शिष्टाई ऐकणाऱ्या उपदेशकाच्या नजरेतून सहज निसटते. बहिऱ्याच्या नजरेतून ती निसटणे कठीण.

एका स्नेह्यांच्या ओळखीमुळे, त्या देशातील मुक्कामात, दुसऱ्या एका लहानशा मंडळीने भरविलेल्या अशाच शिबिरात पाहुणा म्हणून राहण्याचा योग मला आला. प्रौढ आणि तरुण दोघेही तेथे होते. ऐकणारे आम्ही मोजकेच, आणि खुणांची भाषा न येणारा बहुधा मी एकटा. त्यामुळे भोजनगृहात माझ्याभोवती हशा पिकत असता मी वहीवर ‘काय झाले?’ असे लिहून शेजाऱ्यापुढे सरकवीत असे, आणि तो सौजन्याने ‘नंतर सांगतो’ असे लिहून देई. हे उत्तर कर्णबधिर माणूस आपल्या घरच्या पंगतीत जन्मभर घेत आलेला असतो, हे मला पुढे कळले.

त्या उपासनेतील पुष्कळ गोष्टी आमच्या सवयींच्या नेमक्या उलट होत्या. प्रार्थना डोळे उघडे ठेवूनच होत असे. कारण डोळे मिटले की प्रार्थनाच दिसेनाशी होते. आसने रांगेत न मांडता अर्धवर्तुळात मांडलेली, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. सभेला आवाहन करायचे तर दिवे क्षणभर मालवून पुन्हा लावीत, किंवा लाकडी जमिनीवर पाय आपटीत. स्तोत्रे मोठ्या पडघमाच्या ठेक्यावर हातांनी गायिली जात, आणि तो ठेका तळपायांतून वर चढत असे. रात्रीच्या शेकोटीचीही व्यवस्था विचारपूर्वक होती: जाळ वक्त्याच्या पाठीमागे आला तर त्याची केवळ काळी आकृती उरते, म्हणून तो चेहऱ्यावर प्रकाश पडेल असा उभा राही. आणि निजानीज झाल्यावर तरुणांच्या खोल्यांतून हातबत्त्यांचा उजेड बराच वेळ हलत राही, कारण अंधार पडणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने बोलणे बंद होणेच होय. व्यवस्थापकांनी तिकडे काणाडोळा केला याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

प्रवचने मला साधारण वाटली. सुताराचा पुत्र, हरवलेले मेंढरू, पश्चात्ताप, तारण. यात नवे असे काही नव्हते, आणि तरुणांपैकी कित्येकांचे लक्ष सरोवराकडे होते. पण मधल्या सुट्टीत स्वर्गात गेल्यावर आपल्याला ऐकू येईल काय, असा वाद निघाला. एक पक्ष म्हणे येईल, कारण तेथे व्यंग नाही. दुसरा म्हणे हे व्यंग आहे असे ठरविले कोणी? तेव्हा एका वृद्ध बाईंनी, स्वर्गात ऐकणाऱ्यांना खुणांची भाषा येईल की नाही हे आधी पाहा, असे सुचविले. वाद तेथेच थांबला.

त्या दोन पिढ्यांचे एकत्र असणे हेच त्या शिबिराचे खरे कार्य होते असे माझे मत झाले. बहिऱ्या मुलांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणून इतर कोणत्याही भाषेप्रमाणे ही भाषा मांडीवर मिळत नाही, ती परक्यांकडून घ्यावी लागते. मोठा बहिरा मनुष्य कधी पाहिलाच नसल्यामुळे, आपण मोठे झालो की ऐकू लागू किंवा मरून जाऊ, अशी समजूत करून घेतलेल्या मुलांच्या हकिकती शिक्षकांनी नोंदविल्या आहेत. पूर्वी निवासी शाळांत हा वारसा आपोआप पोहोचत असे. १९७५ च्या अमेरिकन कायद्यानंतर मुले आपापल्या गावच्या सामान्य शाळांत जाऊ लागली. घराजवळचे शिक्षण मिळाले आणि सोबती गेले. आता कर्णावर्त-रोपणाचे यंत्र आहे. ते पुष्कळांना उपयोगी पडते, आणि त्याची निंदा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु सरोवरात उतरण्यापूर्वी ती तरुण मुले यंत्राचा बाहेरचा भाग काढून काठावर ठेवीत, आणि मग तोंडाने उत्तम बोलणाऱ्यालाही हातांवाचून गत्यंतर नसे. ज्याला खुणा कमी येत तो पाण्यात एकटा पडे, आणि दुसऱ्या दिवशी सत्तर वर्षांच्या एखाद्या आजोबांशेजारी बसून शिकत असलेला दिसे.

असा वृत्तांत मराठी वाचकांपुढे ठेवला की पहिली शंका धर्मांतराची येते. ती मी उडवून लावणार नाही. शुभवर्तमानाचा प्रसार हा या शिबिरांचा उघड हेतू आहे, आणि ज्या मनुष्याला आयुष्यात प्रथमच मनमोकळे बोलायला मिळाले ते मिशनच्या आवारात, त्याला भाषा आणि धर्म एकाच पानावर वाढले जात असता त्याची संमती कितपत स्वतंत्र म्हणावी, हा प्रश्न गंभीर आहे. याहून भयंकर गोष्टीही दप्तरी दाखल आहेत: अर्जेंटिनातील मेंडोझा येथील प्रोव्होलो या कर्णबधिरांच्या कॅथलिक संस्थेतील मुलांवरील अत्याचारांबद्दल दोन धर्मगुरूंना २०१९ मध्ये चाळीस वर्षांहून अधिक कारावासाच्या शिक्षा झाल्या. घरच्यांना मुलांची भाषा येत नव्हती, हे अपराध्यांचे सर्वांत मोठे संरक्षण होते. तेव्हा मेळाव्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत आणि आईबापांना काय समजते, यावर सारे अवलंबून आहे. धर्माच्या नावावर नाही. आणि भाषा जर एकाच दारी मिळत असेल, तर त्या दाराला कुलूप घालणे हा उपाय नव्हे. दुसरी दारे उघडणे हा आहे.

ती आपण उघडली आहेत काय? हिंदुस्थानातील बहिऱ्यांची पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. म्हणजे येथेही आरंभ पाद्र्यानेच केला. २०११ च्या खानेसुमारीत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेली सुमारे पन्नास लक्ष माणसे नोंदली गेली. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था दिल्लीत स्थापन झाली ती २०१५ साली. २०२४ च्या मे महिन्यात केरळात त्रिशूर येथे जोसेफ तेर्माडम या कर्णबधिर तरुणाला कॅथलिक धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि देशातील अशी ती पहिलीच, असे वृत्त सर्वत्र आले. वारकऱ्यांच्या फडांत, आमच्या वसंत व्याख्यानमालांत, गणेशोत्सवाच्या मंडपांत कर्णबधिर श्रोता गृहीत धरलेला मी अपवादानेच पाहिला आहे.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांत पुष्कळ जण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे चिटणीस, विश्वस्त अथवा देणगीदार असतात. त्यांना माझी विनंती एवढीच की व्यासपीठाच्या कोपऱ्यात दुभाषा उभा करून कर्तव्य संपले असे त्यांनी मानू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादे सभागृह, एखादी धर्मशाळा, एखादे वसतिगृह आठ दिवसांकरिता कर्णबधिर प्रौढांच्या स्वाधीन करावे, कार्यक्रम त्यांनाच ठरवू द्यावा, जिल्ह्यातील कर्णबधिर मुलांना तेथे पोहोचविण्याचा खर्च सोसावा, आणि त्या मुलांच्या आईबापांची नावे विद्यार्थी म्हणून नोंदवून घ्यावीत.