वेठीला कोण?

2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तेव्हा सातारा-सांगलीकडे जो तो म्हणत होता : यांनी लोकांना वेठीस धरलंय. माण किंवा जतच्या माणसाला एसटीवाचून काय हाल सोसावे लागतात ते मला ठाऊक आहे, त्याचा राग खोटा नव्हे. शब्द मात्र तेव्हापासून सलतो आहे. वेठ म्हणजे मोबदल्याविना, सक्तीनं करून घेतलेलं काम. मग ज्यांनी काम थांबवलं, त्यांनी वेठीस धरलं हे कसं?

शब्द फार जुना, संस्कृत ‘विष्टि’तून आलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे. इ. स. 150 च्या सुमारास रुद्रदामनानं जुनागढच्या खडकावर कोरवून घेतलं, की प्रजेला कर आणि विष्टीचा जाच न देता सुदर्शन तलाव दुरुस्त केला. वेठ न घेणं ही राजाला मिरवावीशी वाटणारी गोष्ट होती! पुढं फारसीतला ‘बेगार’ येऊन तिला चिकटला आणि वेठबिगार झाली.

आपल्या गावगाड्यात ती महार वतनाच्या पाठीवर होती. सांगावे पोचवा, अंमलदाराचं ओझं वाहा, हाक येईल तेव्हा उठा. कर्ता घरी नसला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल झालेल्या मुलानं, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनात बदल करणारं विधेयक मांडलं. पुढं राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदानं बिगारीवर बंदी आली. भाषेत ‘बिगार टाळणं’ तेवढं उरलं : मनाविरुद्धचं काम कसंबसं उरकणं. लादणाऱ्याची तक्रार भाषेनं जपली, राबणाऱ्याची नाही.

आता कराड-वाळव्याच्या उसाच्या फडात पाहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच. आगाऊ रकमेपायी माणसाला कामाशी बांधून ठेवणं 1976 च्या कायद्यानं वेठबिगारीच ठरवलं आहे. पण इथं तो शब्द कुणी काढत नाही. आजारपणातही पहाटे उठून फडात निघालेल्या बाईला विचारलं, तर ती एवढंच सांगते : उचल फिटायचीय.