‘दिसला नाही, फादर’

गेल्या एप्रिलमधील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चर्चच्या ओट्यावर येऊन बसला. तो पापनिवेदनासाठी आला नव्हता. तसा आला असता तर त्यातील एक अक्षरही येथे लिहिण्याचा मला अधिकार उरला नसता. लिहिण्यास त्याने स्वतःच संमती दिली आहे. नाव तेवढे देऊ नका, एवढीच त्याची अट. खालापूर तालुक्यात डोंगर फोडून चाललेल्या एका बांधकामावर तो डंपर चालवतो. दगड-मुरूम भरून घ्यायचा, भरावाच्या जागी नेऊन ओतायचा, रिकामी गाडी घेऊन परत यायचे. दिवसभर हीच ये-जा.

घडले ते असे. दुपारच्या जेवणाच्या सुटीत त्याने गाडी सपाट जागी उभी केली होती. डोंगर कापून काढलेला, आसपास एकही झाड उरलेले नाही, पायाखाली तापलेला कातळ. सुटी संपताच तो केबिनमध्ये चढला, दोन्ही आरशांत पाहिले, भोंगा वाजवला आणि गाडी मागे घेतली. मागच्या चाकांलगत, गाडीच्याच सावलीत, खडी पसरणारा एक मजूर अंग टाकून झोपला होता. गाडी मागे घेताना वाजणारी घंटी कित्येक दिवसांपासून बंद होती. मुकादमाला त्याने दोनदा सांगितलेही होते.

पोलिसांनी जबाब नोंदवला, पुढचे सोपस्कार झाले. परंतु त्या तरुणाचा प्रश्न पोलिसांसाठी नव्हता. तो म्हणाला, “मला तो दिसलाच नाही, फादर. मग माझ्या हातून पाप झालं की नाही?”

अशा वेळी धर्मगुरूच्या तोंडी सांत्वनाचे शब्द सहज येतात. ‘तुझा हेतू नव्हता, बाळा, देव अंतःकरण पाहतो.’ हे मी म्हणू शकलो असतो, आणि ते खोटेही ठरले नसते. तरी मी थांबलो. तो माझ्याकडे सांत्वन मागायला आला नव्हता. त्याला खरे काय ते हवे होते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना अज्ञानाचा विचार आम्हांला बराच करावा लागे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याविषयी बाणाचे उदाहरण दिले आहे. एक मनुष्य बाण सोडतो आणि वाटेने जाणारा कोणी त्याने मरतो. बाण सोडणाऱ्याने योग्य ती खबरदारी घेतली असेल आणि तरीही वाटसरू आहे हे त्याला कळले नसेल, तर ते मरण त्याने इच्छिले असे म्हणता येत नाही. वर्गात आम्ही सारा भर ‘कळले नसेल’ या शब्दांवर देत असू. सारे वजन खरोखर ‘योग्य ती खबरदारी’ या तीन-चार शब्दांत आहे, हे मला त्या ओट्यावर बसल्यावर उमगले. खबरदारी घेऊनही जे कळले नाही ते अज्ञान मनुष्याला दोषमुक्त करते. थोडे कष्ट घेतले असते तर जे कळले असते, ते अज्ञान दोष कमी करील, पुसणार नाही. आणि तिसरा एक प्रकार आहे, सर्वांत घातक: कळले तर काम थांबवावे लागेल, म्हणून मुद्दाम न विचारणे. त्या अज्ञानाने दोष वाढतो.

डंपरच्या बाबतीत योग्य खबरदारी म्हणजे काय? ते पाहावे म्हणून एका रविवारी मिस्सानंतर त्या तरुणाबरोबर मी कामाच्या जागेवर गेलो. बरोबर आमचे दोन वेदीसेवक होते, वयाने सोळा-सतरा वर्षांचे. गाडी बंद होती, किल्ली माझ्या खिशात. मी शिडीवरून केबिनमध्ये चढलो (या वयात ते सोपे नाही) आणि चालकाच्या जागी बसलो. समोर नजर दूरवर जाते, पण गाडीच्या नाकासमोरची जमीन दिसत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या अंगाचा मोठा पट्टा झाकला जातो. मागे तर हौद्याची भिंतच. त्या दोन मुलांना हौद्याच्या मागे उभे राहायला सांगितले. आरशांत गाडीच्या कडेच्या दोन उभ्या पट्ट्या दिसल्या, आणि मुले नाहीशी झाली. मी हाका मारल्या तेव्हा दोघेही मागे हसत होते. मला मात्र हसू आले नाही.

म्हणजे ‘आरशात पाहिले’ ही खबरदारी पुरेशी नाही. भरलेल्या दहा चाकी गाडीचे वजन अठ्ठावीस टनांच्या आसपास असते. ते हलवण्यापूर्वी चालकाने खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारली पाहिजे, चाकांखाली वाकून पाहिले पाहिजे. मागे घेताना इशारा देणारा माणूस हवा, आणि तो एकच हवा. चौघे चार बाजूंनी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडू लागले की चालक कोणाचेच ऐकत नाही. इशारा देणारा दिसेनासा झाला की त्या क्षणी गाडी थांबली पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे मागे घेण्याची वेळच येऊ नये अशी वाट आखणे: भरलेली गाडी एका बाजूने येईल, रिकामी दुसरीकडून वळसा घालून जाईल, माणसांची पायवाट निराळी राहील.

या गाडीचे आणखीही धोके आहेत. माल ओतण्यासाठी हौदा वर उचलला की सारे वजन उंचावर जाते. जमीन एका बाजूला कललेली असेल, किंवा पावसाळ्यात ओला मुरूम हौद्याच्या वरच्या टोकाला चिकटून राहिला असेल, तर उभी गाडी आडवी होते. म्हणून आधी जमीन सपाट आणि घट्ट आहे का ते पाहायचे, फाळका सोडायचा, मगच जॅक उचलायचा. वर विजेची तार आहे का तेही पाहायचे, आणि हौदा पूर्ण खाली येईपर्यंत गाडी पुढे न्यायची नाही. दरीच्या कडेला माल ओतायचा असेल तर कडेवर चाक अडेल एवढा मातीचा बांध आधी घातलेला हवा. उचललेल्या हौद्याखाली दुरुस्तीसाठी जायचे तर भक्कम टेका लावल्याशिवाय डोकेही आत घालू नये. तेलाची नळी फुटली तर हौदा सूचना देऊन खाली येत नाही. आणि आमच्या भागात घाट आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून खालच्या, उतरावे ही चालकांची जुनी रीत. चार पैशांचे डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सारा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात.

हे सारे त्या तरुणाला माहीत होते. किंबहुना मला हे त्यानेच शिकवले. मग त्या दुपारी त्याने फेरी का मारली नाही? त्याचे उत्तर असे: फेऱ्यांवर पैसे मिळतात. दिवसाला ठरावीक खेपा झाल्या तर वरची रक्कम, नाहीतर नुसता रोज. प्रत्येक वेळी उतरून गाडीभोवती फिरायचे म्हटले तर संध्याकाळपर्यंत एक-दोन खेपा हातच्या जातात. म्हणजे ज्याने मजुरीचा हिशेब असा बांधला, त्याने ‘पाहू नकोस’ असे न बोलताच सांगितले होते. बंद घंटीची गोष्ट ऐकून जो मुकादम ‘बघू’ म्हणाला, त्याचे अज्ञान वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकाराच्या फार जवळचे आहे. आणि माझ्या मनात रुतून बसली ती गोष्ट वेगळीच: त्या उघड्या कातळावर मजुराला बसायला एक छपरीही नव्हती. चार बांबू आणि एक ताडपत्री असती, तर त्याने डंपरची सावली शोधली नसती.

जुना करार वाचताना काही नियम आपण जुन्या काळचे म्हणून उलटून जातो. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल एकाएकी मारील तर मालक सुटतो. पण तो मारका आहे हे मालकाला आधी सांगितलेले असून त्याने त्याला आवरले नाही, तर मरणाची जबाबदारी मालकावर येते. त्याच अध्यायात उघड्या टाकलेल्या खड्ड्याविषयीही आहे. अनुवादच्या बाविसाव्या अध्यायात तर घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की धाब्याला कठडा घाल, नाहीतर वरून कोणी पडल्यास रक्तदोष तुझ्या घरावर येईल. कठडा ज्याने घालायचा त्याला कोण पडणार हे ठाऊक नसते. तरीही कठडा घालणे हे त्याचे कर्तव्य, आणि तेही पडण्याआधीचे.

अपघातानंतर त्या जागेवर मजूरच म्हणाले, असे कळते, की ‘तिथं झोपायचं असतं का? त्याची वेळ आली होती.’ हे ऐकून लूकच्या शुभवर्तमानातील शिलोहचा बुरूज आठवतो. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभू येशूने मेलेल्यांवर दोष ढकलण्याची वाट बंद केली आणि प्रश्न जिवंतांकडे वळवला.

हा प्रश्न खालापूरपुरताच आहे असे कोणी समजू नये. 20 ऑगस्ट 2021 रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर निघालेला टिपर उलटला. त्यात लोखंडी सळ्या होत्या आणि सळ्यांबरोबर मजूरही बसवलेले होते. 13 जण गेले. डिसेंबर 2024 मध्ये पुण्याजवळ वाघोली येथे अमरावतीकडून कामासाठी आलेली माणसे रात्री पदपथावर झोपली होती. त्यांच्यावर डंपर गेला. मृत तिघांपैकी दोन लहान मुले होती. चालक दारू प्यायलेला होता, असे पोलिसांनी सांगितले. आणि 22 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात एका पुलाच्या कामावर टिपरने वाळू ओतली ती पत्र्याच्या शेडवर. आत मजूर झोपले होते. पाच जण वाळूखाली गेले.

या तिन्ही घटनांत चालकाचा दोष किती, ते न्यायालयांनी पाहावे. मला दिसते ते एवढेच की ही माणसे जेथे होती तेथे असण्याचे कारण, त्यांना दुसरी जागा कोणी दिली नव्हती. कामावर जायला वाहन नाही म्हणून सळ्यांवर, रात्र काढायला खोली नाही म्हणून पदपथावर, वाळू ओतण्याच्या जागेलगतच झोपायची शेड. डंपरचा चालक आंधळ्या बाजूने गाडी मागे घेतो त्याच्या कितीतरी आधी त्या माणसांकडे पाहायचे राहून गेलेले असते.

कायदे नाहीत असे नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली स्वतंत्र अधिनियम झाला, आणि 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत तो सामावून घेण्यात आला. कायदा फलकावर असतो आणि खेपांचा हिशेब मुकादमाच्या वहीत, एवढे म्हणून मी पुढे जातो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 14 सप्टेंबर 1981 रोजी मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना मांडली आहे. मजुरी हातात ठेवणारा तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्या व्यवस्था, संस्था आणि धोरणे त्या मजुरीच्या अटी ठरवतात, त्यांच्यावरही जबाबदारी येते. आमच्याच तालुक्यातून द्रुतगती महामार्गाचा नवा जोडरस्ता काढण्याचे काम 2019 मध्ये सुरू झाले: खोपोलीपासून कुसगावपर्यंत सुमारे 13 किलोमीटर, त्यात जवळजवळ 9 किलोमीटरचा एक बोगदा. हेतू असा की घाटातले सहाएक किलोमीटर आणि वीस-पंचवीस मिनिटे वाचावीत. बोगद्यातून निघालेला दगड आपोआप बाहेर येत नसतो; तो गाडीत भरून कोणीतरी आणावा लागतो. ती वीस मिनिटे मला हवी आहेत. पुण्याला बैठकीस जाताना मीही घड्याळ पाहतो, काम रेंगाळले की कुरकुरतो. ती घाई वरून खाली झिरपत अखेर त्या मुकादमाच्या वहीत उतरते, हे नाकारण्याचे धैर्य मला होत नाही. पोपमहोदयांच्या त्या शब्दाची व्याप्ती मी प्रवाशापर्यंत ताणतो आहे, असे कोणी पंडित म्हणतील. म्हणोत.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. तुझ्यावर सगळा दोष नाही, बराचसा इतरांचा आहे. पण जी एक फेरी तुझ्या पायांत होती ती तुझी होती, असेही सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मला वाटले, मी फार कठोर बोललो. मग तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंत. सगळे म्हणतात, तुझं काहीच चुकलं नाही. त्यानं झोप लागत नव्हती.”

उठता उठता त्याने मृतासाठी मिस्सा अर्पण करण्याची विनंती केली. मृत मनुष्य ख्रिस्ती नव्हता, जवळच्या एका कातकरी वाडीतला होता. त्याने काही अडत नाही. मी वही उघडली आणि नाव विचारले. तो माझ्याकडे पाहतच राहिला. चार महिने एका जागेवर काम केले, रोज तोंड पाहिले, त्याने इतरांप्रमाणे ‘ए मामा’ अशी हाक मारली. नाव त्याला माहीत नव्हते.

बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत वारले आणि पुढचे काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी तडीस नेले, हे आपल्याला वाचायला मिळते. पटकीने आणि अपघातांनी जे हजारो मजूर त्या घाटात गेले, त्यांची नावे कोठे वाचायची? वही तशीच उघडी ठेवून मी त्याला म्हणालो, “नाव घेऊन ये. मिस्सा तोवर थांबेल.”

तो आठ दिवसांनी आला. वाडीत जाऊन आला होता. तिथे काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. खिशातून कागदाची घडी काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा लावून नाव वहीत उतरवून घेतले. आडनाव नीट लिहिले आहे ना, हे त्याने वाकून दोनदा पाहिले.