पाने आधी ठरवा

स्वतः लिहायची, स्वतः काढायची आणि पदरचे पैसे घालून छापायची, अशा कॉमिक मालिका मराठी मुलेमुली आता करू लागली आहेत. कॉमिक कॉनमध्ये त्यांच्या टेबलांवरचे पहिले अंक मी आवर्जून विकत घेतो. दुसरा अंक मात्र फार थोड्यांचा निघतो. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या पहिल्या अंकांतली रेषा पुष्कळदा खरोखर दमदार असते. अडते ते पानांवर. सुचले तेवढे सगळे पहिल्याच अंकात ओतलेले असते. अंक चाळीस-बेचाळीस पानांचा होतो, त्यात वर्ष जाते, छपाईचा खर्च अंगावर येतो आणि दुसऱ्या अंकाची उमेद तिथेच संपते.

मालिकेच्या एका अंकाला किती पाने, हे कथा लिहायला घेण्याआधी ठरले पाहिजे, आणि ते आपल्या हाताचा वेग पाहून ठरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर हमखास उत्तर येते: कथेला लागतील तेवढी पाने. ऐकायला हे पटते, पण कॉमिकच्या इतिहासात असे क्वचितच घडले आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत १० सेंटला ६४ पानांचे कॉमिक मिळे. किंमत वाढवायची नाही म्हणून पुढे पाने घटत घटत ३२ वर आली, आणि १९७० च्या दशकात तर जाहिराती वगळून कथेच्या वाट्याला १७-१८ पानेच उरली. टिनटिनचे वेगळे काय झाले? टिनटिनचा जनक एर्जे याच्या सुरुवातीच्या काळ्या-पांढऱ्या पुस्तकांना शंभरावर पाने असत. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममध्ये कागदाची टंचाई झाली, तेव्हा कास्टरमन या प्रकाशकाने रंगीत पण ६२ पानांच्या पुस्तकाचा आग्रह धरला. १९४२ पासून तो आकडा कायम झाला, आणि जुन्या बहुतेक कथाही एर्जेने त्याच मापात पुन्हा बसवल्या.

बाजाराने घालून दिलेले असे माप झुगारावेसे वाटणे साहजिक आहे. पॅरिसमध्ये १९९० साली काही चित्रकारांनी मिळून ‘लासोसिआसियाँ’ ही प्रकाशनसंस्था काढली. ४८ पानी, रंगीत, पुठ्ठाबांधणीचे ठरीव पुस्तक त्यांना नको होते. मार्जान सत्रापीचे ‘पर्सेपोलिस’ त्यांनी २००० ते २००३ या काळात चार भागांत, काळ्या-पांढऱ्या चित्रांत आणले. मला त्या बंडाविषयी आदर आहे. दुसऱ्याने लादलेला आकडा नकोच. पण म्हणून आकडाच नको, असे होत नाही. मालिकेचा वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असतो, आणि त्याची वाट लांबवण्याचा हक्क आपल्याला नाही.

एकटीने मालिका काढणाऱ्या मुलीचा हिशेब मांडून पाहू. अमेरिकेतले मासिक कॉमिक लेखक, पेन्सिलचित्रे काढणारा, शाई फिरवणारा, रंग भरणारा आणि अक्षरे लिहिणारा अशा चार-पाच जणांच्या हातांखालून जाते. नोकरी सांभाळून हे सगळे एकटीने करायचे तर आठवड्याला दोन पाने झाली तरी पुष्कळ. म्हणजे वर्षाला शंभरच्या आसपास. एवढ्या पानांत २४ पानी अंक चार निघतात, १६ पानी सहा. मेहनत तेवढीच, पण वाचकाशी वर्षातून दोनदा अधिक गाठ पडते. नव्या मालिकेला या दोन गाठी फार मोलाच्या आहेत. छापखान्याच्या दृष्टीनेही १६ सोयीचे: मधोमध पिन मारायची तर पाने चारच्या पटीत हवीत, आणि एका मोठ्या कागदावर छापला जाणारा १६ पानांचा एक फॉर्म सरळ बसतो.

आकडा पक्का झाला की प्रसंगांची जागाही ठरते. पहिले पान उजवीकडे येते. पुढे २-३, ४-५ अशा जोड्या समोरासमोर उघडतात. समजा, पाचव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दाराची कडी वाजते आहे. पान उलटले की सहाव्याच्या पहिल्याच चौकटीत दारात उभा असलेला माणूस दिसतो. आता कथा रंगली म्हणून तिसऱ्या पानानंतर आणखी एक पान घुसवा. कडी सहाव्यावर जाते आणि तो माणूस सातव्यावर, म्हणजे तिच्या अगदी समोर येतो. पान उलटताक्षणी वाचकाची नजर आधी त्याच्यावरच पडते. रेषा तीच, चौकटी त्याच, पण प्रसंग मेला. चार कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की १६ पानांची डमी तयार होते. पेन्सिलीने तिच्यात नुसत्या चौकटी आखल्या तरी असा प्रसंग कुठे मरतो ते आधीच दिसते.

सोळा पानांत सांगून काय होणार, ही शंका रास्त आहे. वॉरन एलिस आणि बेन टेम्पलस्मिथ यांनी २००५ मध्ये ‘फेल’ ही मालिका याच मापात सुरू केली. कथेची १६ पाने, किंमत १.९९ डॉलर, बहुतेक पानांना नऊ चौकटींची आखणी आणि प्रत्येक अंकात एक प्रकरण पुरे. अंक तोकडा वाटत नाही, कारण पाने घटली तशा चौकटी वाढल्या. ती मालिका ९ अंकांनंतर थांबली, हेही सांगितले पाहिजे. कमी पानांमुळे मालिका तडीस जाईलच असे नाही. पण त्या नऊतला कोणताही अंक उचला, तो स्वतःपुरता पूर्ण आहे. आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या अमर चित्र कथेने ३२ पानांत एकेक आयुष्य मांडले. महाभारत घेतले तेव्हा त्यांनी अंक फुगवला नाही, ४२ अंक काढले.

सबंध मालिका किती पानांची, याबाबत मात्र माझे मत उलटे आहे. तिथे आकडा आधी जाहीर करू नये. कॅनडाच्या डेव्ह सिमने १९७७ मध्ये ‘सेरेबस’ सुरू केले, ते ३०० अंक चालेल असे पुढे जाहीर केले आणि मार्च २००४ मध्ये तीनशेवा अंक खरोखर वाचकांच्या हाती दिला. सुमारे ६००० पाने, स्वतःच प्रकाशित केलेली. ६५ व्या अंकापासून पार्श्वभूमीची चित्रे गेरहार्डने सांभाळली. या चिकाटीपुढे मान लवते. पण उत्तरार्धात पानेच्या पाने दाट गद्याने भरली आहेत. कथेचा ओघ आटला तरी आकडा गाठायचा राहिला होता. जेफ स्मिथचे ‘बोन’ १९९१ ते २००४ या काळात ५५ अंकांत, तेराशेवर पानांत पुरे झाले. त्याने शेवट मनाशी पक्का ठेवला होता, आणि शेवटच्या पानापर्यंत कथेची पकड सुटत नाही. मला विचाराल तर श्रेष्ठ काम ‘बोन’च.

मालिका करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. हाताला पेलेल तेवढ्याच पानांचा अंक ठरवा, आणि पहिला अंक छापायला देण्याआधी दुसरा काढून पुरा झालेला असू द्या, तिसऱ्याची डमी तयार असू द्या.