बियाण्याची शिदोरी

मूठभर मेथीचे दाणे दोन कुंड्यांत ओल्या मातीखाली पेरा. एक कुंडी खिडकीत ठेवा आणि दुसरीवर पत्र्याचा डबा पालथा घाला. आठवड्याने डबा उचलला की पाहणारा क्षणभर फसतो. डब्याखालची रोपे खिडकीतल्या रोपांहून कितीतरी उंच झालेली असतात. मात्र त्यांचा रंग फिकट पिवळा असतो, देठ लेचापेचा आणि पाने मिटलेली असतात. खिडकीतली रोपे ठेंगणी, पण ताठ व हिरवीगार असतात.

वनस्पतीला डोळे नाहीत, तरी प्रकाश ओळखण्याची व्यवस्था तिच्या पेशींत ठेवलेली आहे. ‘फायटोक्रोम’ नावाचे प्रथिन तांबडा प्रकाश पडताच आपला आकार बदलते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि अंधारातली वाढ चालू ठेवणारे घटक दूर करते. मग देठाची धाव मंदावते, वाकलेला शेंडा सरळ होतो, पाने उघडतात आणि हरितद्रव्य तयार होऊ लागते. तोवर रोप बियाण्यात साठवलेल्या अन्नावर जगत असते. अंधारातली उंची हा त्या शिदोरीचा खर्च असतो. कमाई प्रकाशातच सुरू होते. शिदोरी सरेपर्यंत प्रकाश मिळाला नाही, तर सर्वांत उंच रोपही कोलमडते.

अंधारातली ही रीत मुळात दोष नव्हे. मातीखाली असताना वाकलेला शेंडा कोवळ्या पानांना घर्षणापासून जपतो आणि देठाची धाव त्यांना पृष्ठभागापर्यंत पोहोचवते. सूरह अनआममध्ये दाणा व कोय फोडणारा म्हणून अल्लाहचा उल्लेख आहे आणि लगेच पुढच्या आयतीत पहाट उजळवणारा म्हणून. दोन्ही ठिकाणी ‘फालिक’, म्हणजे फोडणारा, हाच शब्द आला आहे. ज्याने बीज उकलले त्यानेच रात्र उकलून प्रकाश दिला. अंकुर आणि उजेड एकाच निर्मिकाच्या योजनेत एकमेकांसाठी आहेत.

आता स्वतःकडे वळू या. मुस्लिम घरात जन्मलेल्या आपल्या मुलांचे ईमान कोणाचे असते? नाव, कलमा, पाठ केलेल्या सूरह, रमजानचे रोजे हे सारे त्यांना आईवडिलांकडून मिळते. ही शिदोरी मौल्यवान आहे. तिच्याविना अंकुर फुटणेच कठीण. परंतु ती शिदोरीच आहे. किती सूरह पाठ झाल्या, कुरआन किती वेळा वाचून झाला, यावरून आपण मुलांची उंची मोजतो आणि समाधान मानतो. पाठ केलेल्याचा अर्थ मुलाला कळला का? ते खोटे बोलायला कचरते का? एकटे असतानाही अल्लाह पाहत आहे, याची जाणीव त्याला आहे का? वाढ कमाईची आहे की केवळ खर्चाची, हे या प्रश्नांवरूनच कळते.

येथे माणूस आणि रोप यांत मोठा फरक आहे. रोपाला निवड नाही. प्रकाश पडला की ते उघडतेच. म्हणून त्याच्या हिरवेपणाला पुण्य नाही आणि पिवळेपणाला पाप नाही. मनुष्याला मात्र निवडीचे स्वातंत्र्य दिले गेले आहे. प्रकाश समोर असतानाही तो मिटून राहू शकतो. म्हणूनच त्याला जाब विचारला जाईल. मुलाच्या वतीने बाप उघडू शकत नाही आणि बापाच्या वतीने मूलही नाही.

मग पालकांच्या हाती काय उरते? आदरणीय वाचकहो, कुंडीवरचा डबा कोणी ठेवला होता, ते आठवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार प्रत्येक मूल शुद्ध निसर्गधर्मावर जन्मते. त्यानंतर झाकण घालणारे हात बहुधा घरातलेच असतात. नमाजचा आग्रह धरणारा बाप दुकानात माप कमी देतो, बहिणीचा वारसाहक्काचा वाटा दाबून ठेवतो. आई दारी आलेल्या गरिबाला हिडीसफिडीस करते. मूल हे सारे पाहत असते. अशा घरात उपदेश कितीही झाला, तरी मुलाच्या डोक्यावर पत्रा तसाच राहतो. मुलाला प्रकाशाकडे ढकलण्याआधी आपल्या आचरणाचे झाकण उचलणे, हे पालकांचे पहिले काम आहे.

आणि निराश होण्याचे कारण नाही. डबा वेळेत उचलला, तर पिवळी रोपे काही तासांतच हिरवी होऊ लागतात. सूर्य त्यांना उशिराबद्दल बोल लावत नाही. तौबाचे दारही तसेच उघडे आहे. फक्त शिदोरी किती उरली आहे, हे आपल्याला ठाऊक नाही; म्हणून झाकण उचलण्याचे काम उद्यावर टाकू नये. अल्लाह आपल्याला व आपल्या संततीला त्याच्या प्रकाशात उघडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.