दोन नावं, एक झुडूप

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या सीमेजवळ, लास्ट चान्स नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी युरेका खोरं, खोऱ्यात वाळूच्या प्रचंड टेकड्या, आणि तिथून वर चढत जाणारी एक रुक्ष, खडकाळ घळ. १९७५ मध्ये या परिसरात मेरी डीडेकर यांना पिवळ्याधमक फुलांनी डवरलेलं एक बुटकं, गोलसर झुडूप दिसलं. वाळवंटातली फुलं बघायला माणसं वसंतात जातात. वनस्पतिशास्त्रज्ञही तेव्हाच जातात. हे झुडूप फुलतं ऐन उन्हाळ्यात, दगड भाजून निघत असताना. इतकी वर्षं ते कुणाच्या वहीत चढलं नाही, त्याचं एक कारण हेच असावं.

या वनस्पतीला ‘नवी’ म्हणणं अर्थात शास्त्राच्या दप्तरापुरतं खरं. ही भूमी टिंबिशा शोशोनी लोकांची, आणि झुडूप तर त्यांच्याही आधीचं.

डीडेकर यांच्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी नव्हती. जवळच्या इंडिपेन्डन्स या छोट्या गावात राहून, वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून त्या शिकल्या होत्या. अशा माणसाला नवं झाड ओळखता येतं ते आधीची सगळी झाडं ओळखीची असतात म्हणून. पिवळ्या फुलांचं वाळवंटी झुडूप म्हटलं की त्या भागात पहिली शंका येते एरिओगोनम या वंशाची. त्याच्या सुमारे अडीचशे प्रजाती आहेत आणि त्यांची फुलं एका छोट्या बंद पेल्यातून वर येतात. इथे तसा पेला नव्हता. हे नाही, तेही नाही, असं करतच ओळख पुढे सरकते. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाने शब्दाचा अर्थ याच रीतीने सांगितला होता: ‘गाय’ म्हणजे गाय नसलेल्या साऱ्यांना वगळून जे उरतं ते. वनस्पती ओळखण्याच्या तक्त्यावर बोट ठेवून एकेक पायरी उतरणारा विद्यार्थी नकळत त्याच वाटेने चाललेला असतो.

वगळून झाल्यावर मात्र काहीतरी ठामपणे म्हणावं लागतं. जेम्स रिव्हील आणि जॉन थॉमस हॉवेल या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये या झुडपाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते लॅटिनमध्ये देणं भाग होतं. नाव ठेवलं डीडेकेरा युरेकेन्सिस. नुसती प्रजाती नवी नव्हती, वंशच नवा होता, आणि आजही त्या वंशात ही एकच प्रजाती आहे.

इथे एक जुना प्रश्न अंगावर येतो. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्य या नैयायिकाने, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञाने, खरी ‘जाती’ (अनेक वस्तूंत असणारं समान तत्त्व) कोणती आणि नुसती सोयीची उपाधी कोणती, हे ठरवायला सहा अडथळे सांगितले. त्यांतला एक म्हणजे तुल्यत्व. ‘घट’ आणि ‘कलश’ हे दोन शब्द नेमक्या त्याच वस्तूंना लागू पडत असतील, तर त्या दोन जाती नव्हेत. जाती एकच, नावं दोन. मग डीडेकेरा हा वंश आणि युरेकेन्सिस ही प्रजाती यांत फरक तो काय? एकातलं प्रत्येक झुडूप दुसऱ्यातही आहे. नैयायिक म्हणेल, एक नाव पुसून टाका.

आक्षेप पक्का आहे. त्याला उत्तर देता येतं ते काळाच्या आधाराने. नैयायिकाची जाती नित्य असते, तिला पूर्वज नसतात. डार्विननंतरच्या वनस्पतिशास्त्रात वंश म्हणजे घराण्याची एक फांदी. आज तिच्या टोकाला एकच पान दिसत असलं, तरी फांदी आणि पान एक नव्हेत. डीडेकेरा या नावात आज जिवंत असलेलं झुडूप मोजलं जातं, तसेच त्याचे नामशेष झालेले भाऊबंदही. त्यांना कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांची जागा राखून ठेवलेली आहे. दुसऱ्या नावाची गरज आहे ती त्या जागेसाठी.

आणि ही जागा कोरडी कल्पना नाही. १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये डेल्बर्ट वीन्स आणि सहकाऱ्यांनी या झुडपाच्या बियांचा अभ्यास मांडला. प्रत्येक फुलात एकच बीजांड, आणि शंभर बीजांडांपैकी रुजण्याजोगं बी होतं ते जेमतेम दोन-तीनांचं. त्यांच्या मते ही फार प्राचीन, मागे उरलेली वनस्पती. पुनरुत्पादनाची ताकद हळूहळू गमावत चाललेली. छांदोग्य उपनिषदात उद्दालक मुलाला वडाचं बी फोडायला लावतो. आत काही दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा राहिला, असं बाप सांगतो. युरेका खोऱ्यातल्या या बियांमध्येही बहुतेकदा काही दिसत नाही, आणि तिथे खरोखरच काही नसतं.

१९९४ मध्ये युरेका खोरं डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात सामील झालं. खोऱ्यातून वर जाणारी ती घळ आता नकाशावर डीडेकेरा कॅन्यन म्हणून आहे: बाईंचं नाव झुडपाला गेलं, झुडपाचं घळीला. मेरी डीडेकर २००० मध्ये वारल्या. झुडपाला तिकडे बोलीत ‘जुलै गोल्ड’ म्हणतात. जुलैत ते अजूनही भरभरून फुलतं, शंभरातल्या त्या दोन-तीनांसाठी.