बरणीतला जीव आणि आत्म्याचा प्रश्न

बावखलातले पाणी, तळाचा चिमूटभर गाळ आणि दोन-चार पाणवनस्पती रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घालून ती खिडकीत, पण थेट उन्हापासून दूर ठेवली, की घरच्या घरी एक छोटेसे मत्स्यालय तयार होते; फक्त त्यात मासा नसतो. भिंगातून पाहावे तर जलपिसवा उड्या मारीत असतात. दैव अनुकूल असेल तर पानाच्या पाठीला चिकटलेला, दोऱ्याच्या तुकड्यासारखा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा एक जीवही आढळतो. त्याच्या तोंडाभोवती बारीक तंतू पसरलेले असतात. त्यांचा स्पर्श होताच जलपिसू लुळी पडते आणि संथपणे गिळली जाते. हा हायड्रा, मराठीत याला जलव्याल म्हणतात.

या क्षुद्र जीवाने एके काळी युरोपातील विचारवंतांची झोप उडविली होती. मूळ जिनिव्हाचा अब्राहम ट्रेम्बली हॉलंडमध्ये हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवीत असे. काचेच्या भांड्यांत डबक्याचे पाणी ठेवून तो त्याचे निरीक्षण करी. ही वनस्पती की प्राणी, हे त्याला ठरविता येईना. फांदी तोडून लावली तर रुजते, तशी हीही रुजेल काय, हे पाहण्यासाठी १७४० च्या नोव्हेंबरात त्याने त्या जीवाचे दोन तुकडे केले. काही दिवसांतच दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले. ज्याला तोंड नव्हते त्याला तंतूंसह तोंड फुटले.

मग त्याचा मूळचा प्राण कोणत्या अर्ध्याकडे गेला? प्राणतत्त्व अविभाज्य मानणारे गोंधळले. जडवाद्यांना मात्र आयतेच शस्त्र मिळाले. ला मेत्रीने १७४७ मध्ये मनुष्य हे एक यंत्र आहे असे प्रतिपादन करताना या जीवाचाही दाखला दिला.

आपल्याकडे यावर उत्तर तयार आहे. पशूचा प्राण देहाशी बांधलेला असून देहाबरोबरच संपतो, मानवाचा विवेकशील आत्मा तसा नाही, असे संत थॉमस अक्वायनस शिकवितात. हे उत्तर मला मान्य आहे. परंतु बरणीपाशी उभ्या असलेल्या मुलाने हाच प्रश्न विचारताच आपण ते इतक्या घाईने पुढे करतो, की त्यामागे श्रद्धा कमी आणि भीती अधिक असावी अशी शंका येते. मूल ते ओळखते. पुढचा प्रश्न ते आपल्याला विचारीत नाही, दुसरीकडे नेते.

संत ऑगस्टिनपुढेही असाच प्रसंग आला होता. काही तरुणांनी एका बहुपाद किड्याचे लेखणीने तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेने चालू लागला. आत्म्यावरील आपल्या संवादात ही हकिकत त्यांनी लपविली नाही. याचे कारण आपल्याला अद्याप उमगले नसेल, पण तेवढ्याने अन्य मार्गांनी पटलेले सत्य सोडण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. प्रश्न उघडा ठेवूनही श्रद्धावंत राहता येते, याचे इतके जुने उदाहरण आपल्याच परंपरेत असावे आणि आपण ते क्वचितच सांगावे, हे विचित्र वाटते.

ट्रेम्बलीने आत्म्याविषयी कोणताही सिद्धान्त मांडला नाही. त्याने निरीक्षण चालू ठेवले, १७४४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि कोणी केवळ आपल्या शब्दावर विश्वास ठेवू नये म्हणून ते जीवच विद्वानांकडे धाडले. पॅरिसला रेओम्यूरकडे पाठविलेल्या पहिल्या खेपेतील जीव वाटेतच मेले. दुसऱ्या खेपेतील जिवंत पोहोचले, आणि रेओम्यूरने स्वतःच्या हाताने कापून पाहिले.