मुरवणे आणि पारखणे : स्वनिर्मितीच्या निवाड्याचा प्रश्न

१

मराठीत 'चव घेणे' आणि 'चव पाहणे' असे दोन वाक्प्रयोग आहेत. चव घेणारा उपभोक्ता असतो, चव पाहणारा परीक्षक. पहिल्याचे समाधान झाले की व्यवहार संपतो. दुसऱ्याचा व्यवहार निवाडा दिल्याशिवाय पूर्ण होत नाही. संस्कृत काव्यशास्त्राने 'रस', 'आस्वाद', 'चर्वणा' या संज्ञा जिभेच्या व्यवहारातून उचलल्या. भरताने तर 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात रसप्रतीती समजावून देण्यासाठी नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न खाणाऱ्या प्रसन्नचित्त पुरुषाचाच दाखला दिला. मात्र हा पुरुष पानावर बसलेला आहे, चुलीपुढे नाही. स्वयंपाक करणाऱ्याने स्वतःच्याच पदार्थाची पाहिलेली चव कितपत विश्वासार्ह मानावी, हा प्रश्न त्या दाखल्यात उपस्थितच होत नाही. निर्माता हाच परीक्षक असला आणि परीक्षेचा विषय असलेली वस्तू परीक्षकाची परीक्षणशक्तीच पालटून टाकणारी असली, तर 'चव पाहणे' शक्य असते काय? घरी वाढवलेल्या गांज्याचे पीक सुकवून, मुरवून त्याची पारख करणारा माणूस हे या प्रश्नाचे टोकाचे उदाहरण होय.

भारतात हे उदाहरण नीतिविचाराच्या आधी फौजदारी कायद्याच्या कक्षेत जाते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ यांना आपल्या व्याख्येत घेतले. शेंड्यांविना असलेली पाने वगळली, म्हणून भांग काही ठिकाणी टिकून राहिली. परवान्याविना लागवड हा येथे गुन्हाच आहे. घरातील चार कुंड्यांना कायद्याची मुभा असलेल्या समाजांतच हा प्रश्न शुद्ध स्वरूपात तपासता येतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून संघराज्याच्या कायद्याने एका घरात चार रोपांपर्यंत मुभा दिली, जरी क्वेबेकसारख्या प्रांताने ती नाकारली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन रोपे लावता येतात. बंदी उठली म्हणजे नीतीचा प्रश्न मिटला असे नव्हे. तो कायद्याच्या सावलीतून बाहेर आला, एवढेच.

२

कापणीनंतरची प्रक्रिया दिसते तितकी यांत्रिक नाही. कापलेले तुरे अंधाऱ्या, थंड, माफक दमट जागी आठवडा-दोन आठवडे टांगून सुकवले जातात. मग ते काचेच्या बरणीत भरतात. बरणी प्रारंभी रोज उघडून वारा द्यावा लागतो; पुढे हे उघडणे विरळ होत जाते आणि प्रक्रिया काही आठवडे, कधी महिने चालते. आतला ओलावा हळूहळू बाहेर येऊन समान पसरतो, हरितद्रव्य विघटित होते, कच्च्या गवताचा दर्प ओसरतो. ओल अधिक राहिली तर बुरशी धरते. फार सुकले तर सुगंधी द्रव्ये उडून जातात. फार काळ ठेवले तर मुख्य मादक द्रव्याचेच ऑक्सिडीकरण होऊन त्याचे सौम्य द्रव्यात रूपांतर होते.

या साऱ्यासाठी मराठीत एकच नेमके क्रियापद आहे : मुरणे. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते, गायकाच्या गळ्यात राग मुरतो, माणूसही एखाद्या विद्येत मुरतो. या क्रियापदाचे वैशिष्ट्य असे की ते अकर्मक आहे. 'मुरवणे' हे प्रयोजक रूप असले तरी मुरवणाऱ्याच्या हाती फारसे काही नसते. परिस्थिती राखणे आणि हात आवरणे, एवढेच त्याचे कर्तृत्व. लागवडीत श्रम आहेत, कापणीत श्रम आहेत. मुरवण्यात मात्र श्रमांचा संकोच आहे. म्हणूनच ती नैतिकदृष्ट्या महत्त्वाची अवस्था ठरते. महिनोन्महिने जपलेल्या वस्तूपासून तिचा कर्ता येथे प्रथमच दूर होतो.

होरेसने आपल्या 'आर्स पोएटिका'मध्ये कवीला दिलेला सल्ला या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. लिहिलेले आधी जाणत्या समीक्षकाच्या कानी घालावे आणि मग नऊ वर्षे दाबून ठेवावे, असे तो सांगतो. पुढे नऊ वर्षांचीच आठवण राहिली, समीक्षकाचा कान विसरला गेला. होरेसच्या सल्ल्यात दोन अंगे आहेत, काळ आणि परका माणूस. काळ एकटा पुरेसा आहे काय, हा या विवेचनाचा कळीचा मुद्दा आहे.

३

ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीविषयक निबंधात सांगितलेली सांचोच्या दोन नातलगांची कथा सुपरिचित आहे. पिंपातील मद्य चाखून एकाने चामड्याची किंचित चव सांगितली, दुसऱ्याने लोखंडाची. लोकांनी दोघांचीही थट्टा केली. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. ह्यूमला या कथेतून अभिरुचीची सूक्ष्मता दाखवायची आहे. परंतु त्यातील एक गृहीत सहज निसटते : ते मद्य त्या दोघांनी बनवलेले नव्हते. स्वतःच्या पिंपात किल्ली असल्याचे सांगणारी जीभ दुर्मीळ असते.

कांटने १७९० मध्ये हा प्रश्न दुसऱ्या टोकाने मांडला. कॅनरी बेटांचे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला सुखद आहे' असे म्हटले पाहिजे. सुंदराविषयीचा निवाडा मात्र सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो आणि त्यासाठी तो हितसंबंधांपासून मुक्त असावा लागतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) ही मांडणी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. तिच्या आधारे पाहता गांज्याची पारख सुखदाच्या प्रांतातच पडते आणि तिला निवाडा म्हणण्याचेच कारण उरत नाही, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. 'मला आवडले' हे सुखदाविषयीचे विधान होय. 'हे नीट मुरले आहे' हे तसे नव्हे. दुसरे विधान चुकू शकते, तपासले जाऊ शकते आणि म्हणूनच प्रामाणिक वा अप्रामाणिकही असू शकते. नीतीचा प्रवेश येथे होतो.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली त्यांपैकी एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. निर्मात्याच्या बाबतीत हे विघ्न बाहेरून येत नाही. निर्मितीच्या श्रमांतूनच ते उपजते. जितकी निगा अधिक तितकी विवशता अधिक. बरणीतला काळ ही विवशता काहीशी सैल करतो. कापणीच्या दिवशीचा अभिमान सहा आठवड्यांनी तितकासा उरत नाही. तेव्हा दिरंगाई हा एकट्या माणसाला उपलब्ध असलेला तटस्थतेचा पर्याय आहे, असे म्हणता येईल. पण पर्याय म्हणजे मूळ वस्तू नव्हे.

बंगालमधील जुनी व्यवस्था या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने नोंदवलेल्या राजशाहीकडील नौगाव परिसरात उभ्या पिकातली नर झाडे ओळखून काढण्यासाठी 'पोद्दार' किंवा 'परखदार' म्हटला जाणारा जाणकार बोलावला जाई. नर झाडे राहिली तर मादी फुलोऱ्यात बी धरते आणि गांजा निकृष्ट होतो. या व्यवस्थेमागचे कारण कौशल्याचे होते; तरी तिचा एक परिणाम लक्षणीय आहे. कोणते झाड उपटायचे हे ते वाढवणारा हात ठरवत नव्हता.

४

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. चहाची पारख करणारा घोट तोंडात घोळवून थुंकतो. मद्याचा परीक्षकही तेच करतो. भोगाचा त्याग करून पारख साधणे हेच त्यांच्या व्यवसायाचे तंत्र. गांज्याच्या बाबतीत परिणाम हाच परीक्षेचा विषय असल्याने थुंकण्याची सोय नाही. चव पाहायची तर ती घ्यावीच लागते आणि घेतली की पाहणारा पूर्वीचा राहत नाही. ज्या शक्तीने निवाडा द्यायचा तीच निवाड्याच्या वेळी रजेवर असते.

वॉल्टर बेंजामिनने १९२७ पासून डॉक्टर मित्रांच्या देखरेखीखाली हशिशचे जे प्रयोग केले त्यांत या अडचणीची जाणीव दिसते. त्या बैठकींची टिपणे केवळ त्याची नाहीत, सोबतच्यांचीही आहेत. नशेतल्या माणसाची साक्ष एकटी उभी राहू शकत नाही, तिला शेजारी दुसरी साक्ष लागते, हे त्या पद्धतीतच मान्य केलेले आहे. बोदलेअरचा १८६० च्या 'कृत्रिम नंदनवने' या ग्रंथातील आक्षेप याहून कठोर आहे. त्याला भय आहे ते इच्छाशक्तीच्या ऱ्हासाचे. चिमूटभर द्रव्याने स्वर्ग हाती येत असेल तर माणूस श्रमाने तो मिळवण्याची ताकद गमावतो, असा त्याचा युक्तिवाद.

गंमत अशी की घरी पीक घेणारा माणूस बोदलेअरच्या या वर्णनात बसत नाही. त्याला स्वर्ग विनाश्रम मिळालेला नाही; बी, कुंडी, उजेड, कापणी आणि बरणी यांत त्याचे महिने गेले आहेत. बोदलेअरने ज्या गुणांचा ऱ्हास वर्तवला तेच गुण, म्हणजे संयम, नियमितता आणि प्रतीक्षा, या पिकाला लागतात. परंतु त्यामुळे आक्षेप निकालात निघत नाही. तो जागा बदलतो. श्रमाने मिळवलेली वस्तू श्रमाच्याच जोरावर स्वतःचे समर्थन करू लागते. 'एवढे केले, ते वाईट कसे असेल?' हा विचार आळशाला सुचत नाही, कष्टाळूलाच सुचतो.

५

अशा वेळी आधार दुसऱ्या माणसाचाच. येथे दोन देशांच्या कायद्यांनी नकळत दोन भिन्न अभिरुचिमीमांसा सिद्ध केल्या आहेत. कॅनडात प्रौढांना तीस ग्रॅमपर्यंत सुका माल एकमेकांस देता येतो. जर्मनीत घरच्या पिकातले इतरांस देण्यास मनाई आहे. वाटप होऊ शकते ते नोंदणीकृत संघाने सामूहिकरीत्या पिकवलेल्याचे. म्हणजे एकीकडे निर्मात्याला सहृदय मिळू शकतो. दुसरीकडे कायदाच त्याला एकाकी रसिक करतो. शबरीच्या लोकप्रिय कथेत बोरे चाखून पाहणे उष्टेपणाचा दोष ओलांडून पुण्य ठरते, ते ती दुसऱ्यासाठी चाखते म्हणून. आंबट बोर टाकून देण्याला राम येण्याने अर्थ येतो. जर्मन घरमालकाच्या दारी असा कोणी पाहुणा यायचा नाही.

मग त्याची पारख नीतिशून्य ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. दुसरा माणूस नसला तरी एक कसोटी उरते, आणि ती चाखण्याच्या आधीची आहे. बरणी उघडताच अमोनियाचा दर्प आला, तुऱ्याच्या गाभ्यात पांढरी बुरशी दिसली, तर ती बरणी टाकायची की 'थोडेच तर आहे' म्हणून ठेवायची? हा निवाडा शुद्धीवर असताना होतो, नाकाने आणि डोळ्यांनी होतो आणि त्याला साक्षीदार नसतो. कष्टाचे सहा महिने एका बाजूला आणि नाकाची साक्ष दुसऱ्या बाजूला असताना माणूस कोणाला मान देतो, यावर त्याच्या साऱ्या पुढील निवाड्यांची विश्वसनीयता ठरते. आनंदाची ग्वाही एकट्याने देता येत नाही, असे कांट आणि अभिनवगुप्त आपापल्या परीने सांगतात. दोषाची कबुली मात्र एकट्याने देता येते. किंबहुना ती आधी एकट्यानेच द्यावी लागते.

साहित्यव्यवहारात निर्मात्याच्या आत्मपरीक्षणाविषयी जे बोलले जाते ते बहुधा त्याने काय राखले यावरून. प्रत्यक्षात राखलेल्याची पारख वाचकाची आहे, काळाची आहे. निर्मात्याच्या वाट्याला येते ते टाकणे. होरेसच्या नऊ वर्षांचा खरा उपयोगही हाच असावा. नवव्या वर्षी हस्तलिखित अधिक चांगले होत नाही, ते टाकणे मात्र शक्य होते. बरणीतला माल मुरत असताना तिच्याबाहेर मुरवणाऱ्याचे ममत्वही मुरत असते. ते मुरले नसेल, तर झाकण उघडल्यावर त्याला आपल्याच कष्टांचा वास येईल, मालाचा नव्हे.